जांभ्यावरच्या अकरा फेऱ्या

बाबांना जर्मनीचा व्हिसा नाकारला गेला, आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी त्याच जर्मनीने मला आपली नागरिक करून घ्यायचं ठरवल्याचं पत्र आमच्या बॉबलिंगेनच्या पत्रपेटीत येऊन पडलं.

बाबांच्या पत्रात कारण छापलेलं होतं. मुदत संपण्याआधी अर्जदार मायदेशी परततील याची खात्री वाटत नाही, असं. बायको गेलेली, एकुलती एक मुलगी आणि नात परदेशात, स्वतः रत्नागिरीत दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये एकटे. असा माणूस परत कशाला जाईल, असं नुसता कागद बघणाऱ्याला वाटणारच. पण बाबा बत्तीस वर्षं बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. सांगितल्या तारखेला साइटवर हजर आणि सांगितल्या तारखेला काम पुरं, अशी त्यांची ख्याती. तुमच्या शब्दावर विश्वास नाही, असं त्यांना आयुष्यात कुणी म्हटलेलं नव्हतं. फोनवर ते नुसते हसले. "मला काय तिकडे बटाटे सोलत बसायचंय? राहू दे. नाही तर नाही." त्यानंतर तीन दिवस त्यांनी स्वतःहून फोन केला नाही.

माझं पत्र मात्र फार गोड होतं. लांडराट्सआम्टने, म्हणजे आमच्या जिल्हा कचेरीने, माझं अभिनंदन केलं होतं. नागरिकत्वाचा दाखला हातात घ्यायला एक टर्मिन, म्हणजे ठरवलेली वेळ, मिळेल, त्या दिवशी ओळखपत्र घेऊन या, असं होतं.

हे नागरिकत्व मागण्याची कारणं मी दोन वर्षं सगळ्यांना ऐकवत होते. मुलगी इथेच जन्मली, तिचा पासपोर्ट जन्मापासून जर्मनच आहे. गाड्यांच्या धंद्यात मंदी आहे, ऑफिसात दर महिन्याला कुणाच्या तरी निरोपाचा केक कापला जातो, उद्या माझी नोकरी गेली तर राहण्याच्या परवान्याची भानगड नको. सगळी कारणं खरी होती. पण सगळ्यात खरं कारण मी कुणाला सांगत नव्हते. मला इथे राहायला आवडतं आणि मला परत जायचं नाही. बाबांबद्दल त्या कागदाला जी शंका होती, ती माझ्या बाबतीत शंभर टक्के खरी होती. आणि आता भारताचा पासपोर्ट सोडावा लागणार, हे मला बाबांना सांगायचं होतं.

"आल्झो, त्यात काय एवढं?" नवरा अर्ध्या जर्मनमध्ये म्हणाला. "फोन उचल आणि सांग. अर्ध्या बॉबलिंगेनने केलंय." त्याला काय जातंय बोलायला! तो पुण्याचा, त्याचे आईवडील दोनदा येऊन, ऱ्हाइन नदीत बोटीवर फोटो काढून परत गेले. मी चार वेळा रत्नागिरीला फोन लावला. चारही वेळा जेवलात का, साखर तपासली का, पाऊस आहे का, एवढं विचारलं आणि मिठाची गुळणी धरून बसले. मग घरात फेऱ्या. मग घराजवळच्या तळ्याभोवती फेऱ्या. एका रविवारी मी भांड्यांचं मशीन लावून, दहा मिनिटांनी ते बंद करून, अर्धवट धुतलेली भांडी पुन्हा हाताने घासली. मुलगी माझ्याकडे बघून जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली आणि आपल्या खोलीत गेली.

शेवटी असं ठरलं की बाबांना परदेश तर दाखवायचाच होता, जर्मनीत येता येत नाही तर आपण तिसऱ्याच देशात भेटू. ही कल्पना माझी नव्हती. आमच्या वरच्या मजल्यावर एक थाई बाई राहते. आम्ही दोघी पाळीपाळीने जिना झाडतो, त्यामुळे आठवड्याला एकदा तरी केरसुणी हातात घेऊन गप्पा होतात. तिची आई फेचाबुरीजवळच्या एका लहान गावात राहते आणि पाहुण्यांना दोन खोल्या देते. आजूबाजूला राजवाडे, जुनी देवळं. थायलंडला जायला आपल्या लोकांना व्हिसाची कटकट नाही. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते लगेच हो म्हणाले. "निदान तिथल्या राजाला तरी माझी खात्री वाटते," असं वर आणि. ईस्टरच्या सुट्टीत मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी निघालो. नवरा सुट्टी नसल्याने घरी राहिला. फोनवर जे जमलं नाही ते समोरासमोर बसून सांगायचं, याच एका कामासाठी मी चालले होते.

बँकॉकच्या विमानतळावर बाबा आमच्या आधी येऊन थांबले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कोल्हापुरी चप्पल, हातात कोकमच्या बाटल्यांची पिशवी. मला म्हणाले, "वाळलीस." मुलीला म्हणाले, "वाढलीस." गाडीत बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं. पण बाबा खिडकीतून उड्डाणपुलांचे खांब मोजत होते आणि इतके खुशीत होते की मला तोंड उघडवेना.

गाव म्हणजे भातशेतीच्या मधोमध वीसेक घरं आणि आकाशात गेलेले ताड. घरमालकीण बाई बाबांच्याच वयाची. सकाळी ताडाचा रस मोठ्या कढईत आटवून गूळ करायची. तिला मराठी नाही, आम्हाला थाई नाही, पण मोबाइल दोघांच्या मधे धरला की तो भाषांतर करून बोलायचा. बाबांना त्या मोबाइलची गरजच पडली नाही. ते कढईपाशी उकिडवे बसले, रसाला फेस आला की बोट दाखवायचे, बाई मान हलवायची. तासाभरात ढवळायचा उलथना त्यांच्या हातात. मी मात्र ओटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बस की गं जरा," बाबा म्हणाले. "पायाला भिंगरी बांधून आलीस काय?"

"बसले की."

"बसलीस कुठे? उभी आहेस."

पहिल्या दिवशी आम्ही राजवाडा बघायला गेलो. तो आता लष्कराच्या आवारात आहे. गेटवरच्या शिपायाने पासपोर्ट मागितले. बाबांनी तिघांचे एकावर एक रचून त्याच्या पुढ्यात ठेवले. दोन निळे आणि एक तांबडा.

"आपण दोघं एका पार्टीतले," बाबा मला म्हणाले, "आणि ही चिमणी विरोधी पक्षात."

मुलगी हसली. मीही हसले असणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं ते मला तिथे कळलं.

आणि राजवाडा कसा निघावा? जर्मन! शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या राजाने जर्मनीहून वास्तुविशारद बोलावून बांधून घेतलेला. उंच छप्पर, जाडजूड भिंती, आत हिरव्या चकचकीत फरशांचा जिना, कठड्यावर गुबगुबीत मुलांचे पुतळे. श्टुटगार्टच्या एखाद्या जुन्या इमारतीत गेल्याचा भास व्हावा. पावसाळ्यात राहायला म्हणून बांधायला घेतलेला, पण पुरा होण्याआधीच राजा वारला. मला ते वाचून उगाच कसंतरी झालं. बाबा मात्र सुटले होते. भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकून बघ, पन्हाळी कुठून काढल्यात ते वाकून बघ. बांधकाम खात्याचा माणूस राजवाड्यात गेला तरी आधी गळती शोधतो.

"काम चोख आहे हो," ते म्हणाले. "जर्मनीने मला दारात घेतलं नाही, पण बघ, राजवाडा इथं आणून दाखवला."

सांगायची वेळ ती होती. विषय आपल्या पायाने चालत आला होता. मी म्हणाले, "बाबा, एक सांगायचं होतं." ते वळले. "काय गं?" आणि मी म्हणाले, "तुमच्या गोळ्या घ्यायची वेळ झाली."

दुसऱ्या दिवशी डोंगरावरचा राजवाडा. पांढरे मनोरे, पांढरे जिने, वाटेवर पांढऱ्या चाफ्याची झाडं आणि माकडंच माकडं. त्यातल्या एकाने मुलीच्या हातातली पाण्याची बाटली पळवली आणि झाकण काढून आरामात प्यायला बसलं. बाबा इतके हसले की त्यांना कठड्यावर बसावं लागलं. वरून सगळं फेचाबुरी दिसत होतं. मी त्यांच्या शेजारी बसले, उठले, फोटो काढला, पुन्हा बसले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे किती, हजारो मैल लांबून ताकाला आले होते आणि भांडं पाठीमागेच.

त्या दिवशी कचेरीची मेल आलेली होती. टर्मिनची तारीख ठरली, उद्या संध्याकाळपर्यंत होकार कळवा, नाहीतर ती वेळ दुसऱ्या अर्जदाराला दिली जाईल. आधी बाबांना सांगायचं आणि मग होकार कळवायचा, असं मी स्वतःला वचन दिलं. बाबांना न सांगता मी बटण दाबणार नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही गावाजवळच्या जुन्या देवळात गेलो. देऊळ म्हणजे काळपट तांबड्या दगडाचा तट, आत चार-पाच शिखरं, काही निम्मी ढासळलेली. बाबा तटाच्या दारातच थबकले. दगडावर हात फिरवला, नखाने खरवडलं, नाकाशी धरलं.

"अगं, हा तर जांभा!" ते म्हणाले. "आपला जांभा! हे बघ, ही भोकं. रत्नागिरीत आमच्या क्वार्टरला हाच होता." त्यांचा चेहरा असा फुलला होता, जणू कुणी गाववालाच भेटला.

दारापाशी पाटी होती. मी वाचून दाखवली. फार जुनं देऊळ, मूळचं आपल्या देवांचं, पुढे बुद्धाचं झालं. आता शिखरांच्या आत बुद्धाच्या मूर्ती आहेत. एवढं ऐकलं आणि बाबांनी तटाच्या बाहेरच चपला काढल्या. थाई माणसंही देवळात जोडे काढतात, पण आतल्या उंबऱ्यापाशी. उघड्या आवारात, भर उन्हात, सगळे जोडे घालूनच हिंडत होते. पण आपलं माणूस आवारालाच देऊळ समजतं. मी म्हणाले, "बाबा, इथे घातल्या तरी चालतात."

"मला नाही चालत," ते म्हणाले. "देव बदलला तरी जोतं तेच आहे."

एप्रिल महिना, दुपारचे बारा. बाबा मधल्या शिखराभोवती फिरायला लागले, हात जोडून, ओठ हलवत. मुलगी त्यांच्यामागे. मी एका झाडाखाली बसले आणि मोबाइल काढला. थोडा वेळ तारीख बघत राहिले. बाबा समोरून गेले, माझ्याकडे बघून हसले, शिखरामागे गेले. पुन्हा आले. मी मेल उघडली, बंद केली, उघडली. तेवढ्यात मुलगी पळत आली.

"ममा, डेअर बोडन इस्ट टोटाल हाइस," ती म्हणाली. जमीन भयंकर तापलीये. "आणि आजोबांनी..."

"मग तू बूट घाल," मी मान वर न करता म्हणाले.

"मी घातलेत."

"मग झालं तर."

ती निघून गेली. मी होकाराचं बटण दाबलं. दाबल्याबरोबर मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. स्वतःला दिलेलं वचन मी एका दिवसात मोडलं होतं. बाबा अकरा फेऱ्या पुऱ्या करून आले, घामाने निथळत, आणि म्हणाले, "चला. छान झालं." चपला घालून गाडीकडे चालू लागले. पाऊल जरा वाकडं पडत होतं, ते मी पाहिलं नाही. मुलीने पाहिलं, पण तिने मला पुन्हा सांगितलं नाही.

गावातल्या घराला जिना चढायच्या आधी पाण्याचा रांजण आहे. सगळे तिथे पाय धुऊन वर जातात. बाबांनी पायावर पाणी घेतलं आणि घरमालकीण एकदम ओरडली. थाई भाषेत ओरडली तरी कळलं. मी वळून बघितलं. बाबांच्या दोन्ही तळव्यांना हे एवढे फोड आले होते, डाव्या पायाचा अंगठ्याखालचा फुटून कातडी लोंबत होती.

बाबांना वीस वर्षं मधुमेह आहे. त्यांच्या तळपायाची संवेदना गेली आहे हे मला माहीत आहे. डॉक्टरांनी मलाच सांगितलं होतं, घरातसुद्धा चप्पल घालायला लावा. मला माहीत होतं, मी तिथे होते, पोटच्या पोरीने येऊन सांगितलं होतं. आणि मी जर्मनीची नागरिक होण्यात गुंतले होते.

गावच्या आरोग्य केंद्रातली नर्स खूप शांत होती. तिने जखम धुतली, पट्टी बांधली आणि मोबाइलमधून विचारलं, यांना दुखलं नाही का?

"जरा कोमट वाटलं," बाबा म्हणाले.

परत येऊन त्यांना ओटीवर उशीला टेकवून बसवलं, पाय तिवईवर. खालच्या अंगणात ताडाचा रस उकळत होता, मुलगी बाईच्या शेजारी बसून ढवळत होती. मी बाबांवर चिडले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! चूक माझी होती आणि आवाज त्यांच्यावर चढला.

"अहो, काय गरज होती? एक नमस्कार पुरला नसता? अकरा फेऱ्या कशाला घालायच्या त्या तापलेल्या दगडावर? तिथे आता तो देव तरी आहे का?"

बाबांनी पाठीमागची उशी नीट सरकवली. मग म्हणाले, "तुझं काहीतरी अडलंय."

"माझं?"

"तीन महिने बघतोय. फोन करतेस आणि बोलत नाहीस. इथे आल्यापासून एका जागी पाच मिनिटं बसली नाहीस. आई असती तर तिने विचारून घेतलं असतं. मला ते जमत नाही. म्हटलं, जे काय असेल ते मार्गी लागू दे. म्हणून घातल्या. काय अडलंय ते मला माहीत नाही, देवालाही सांगत बसलो नाही. त्याचं तो बघेल."

मग मी सांगितलं. ज्या देशाने तुम्हाला येऊ दिलं नाही त्या देशाची मी नागरिक होणार आहे. भारताचा पासपोर्ट सोडावा लागेल. मी आज तुम्हाला न विचारता होकार कळवला, तुम्ही फेऱ्या घालत होतात तेव्हा. मला परत यायचं नाहीये, बाबा. हे शेवटचं वाक्य मी कधी मोठ्याने उच्चारलंच नव्हतं. ते तोंडातून निघालं आणि मला फार लाज वाटली.

बाबांनी पट्टी बांधलेल्या पायांकडे बघितलं. "म्हणजे काम झालं तर," ते म्हणाले. "फेऱ्या फुकट नाही गेल्या."

"बाबा!"

"जुना पासपोर्ट काढून घेतात?"

"रद्द करून देतात."

"भोक पाडून?"

"हो."

"हं." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "मला वाटलं होतं, आपण दोघं एका पार्टीतले." मग त्यांचा आवाज बदलला. साइटवरच्या गवंड्याला विचारायचे तसा झाला. "मला एक सांग. मी गेलो, तर तुला यायला मिळेल?"

"मिळेल की. माझ्या लेकीकडे आहे ना ते ओसीआय कार्ड, तसं मलाही मिळतं. ते असलं की केव्हाही येता येतं."

"ते मिळेपर्यंत?"

इथे मी अडखळले. "मधे काही दिवस जातात. दाखला मिळाला की जुना पासपोर्ट वापरता येत नाही. जर्मन पासपोर्ट व्हायला काही आठवडे. मग जुना रद्द झाल्याचा कागद, मग कार्डाचा अर्ज. तेवढे दिवस कठीण आहे. व्हिसा काढून यावं लागेल, मिळाला वेळेवर तर."

"म्हणजे आता तुझी खात्री आपल्या सरकारने करून घ्यायची." बाबा हसले. मी नाही हसले. "कधीपासून कधीपर्यंत, ते सांग."

"म्हणजे?"

"तारखा सांग. अंदाजे."

"मेच्या सुरुवातीपासून. ऑगस्टपर्यंत धरा."

त्यांनी बोटांवर मोजलं. "चार महिने. ठीक. तेवढे मी काही मरत नाही. रोज सकाळी हजेरी देतो. कार्ड हातात आलं की मला कळव, मग माझी ड्यूटी संपली."

असं म्हणून त्यांनी खाली बाईला हाक मारली आणि गूळ झाला का, असं हातानेच विचारलं. मला रडू यायला हवं होतं. मला राग आला, इतका की मी आत जाऊन बॅग भरायला घेतली, परतीला अजून दोन दिवस असताना.

ते दोन दिवस आम्ही कुठेच गेलो नाही. बँकॉकला बाबा व्हीलचेअरवरून विमानापर्यंत गेले. "ठरल्या तारखेला परत चाललोय म्हणावं," ते जाताना म्हणाले. "लिहून घ्या."

लांडराट्सआम्टचा कार्यक्रम वीस मिनिटांचा होता. एका बाईने हात मिळवला, मी एक वाक्य वाचलं, दाखला हातात आला. नवऱ्याने फुलं आणली होती. बाहेर आल्यावर मुलीने विचारलं, आजोबांना फोटो पाठवायचा का? मी म्हणाले, नको. तिने पाठवला. बाबांनी उलट नमस्काराचा इमोजी पाठवला.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. त्यांचे साडेनऊ, आमचे सहा. "हजर," एवढंच म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. सहा वाजायच्या आधी मला जाग यायला लागली. पाच पन्नासला मी स्वयंपाकघरात उभी. सहा वाजून दोन मिनिटं झाली की हातातलं काम सुटायचं. नवरा म्हणाला, तू त्यांनाच कर ना फोन. पण तो नियम नव्हता. हजेरी देणाऱ्याने द्यायची असते.

जूनमध्ये एका सकाळी "हजर" म्हणताना मागे स्टीलच्या ट्रॉलीचा आवाज आला. मी विचारलं तर म्हणाले, भांडी पडली. संध्याकाळी शेजारच्या काकांना फोन केला तेव्हा कळलं. डाव्या अंगठ्याखालची जखम चिघळली, ताप चढला, दोन दिवस दवाखान्यात सलाईन चालू आहे, बोट राहतं की जातं ते बघतायत. आणि पोरीला सांगायचं नाही, असं बजावलंय. मी कपाट उघडलं. जुना पासपोर्ट होता, तो चालत नव्हता. नवा अजून छापून आला नव्हता. तो आठवडा मी कसा काढला ते मला नीट सांगता येणार नाही. ऑफिसात तीन वेळा चुकीच्या मीटिंगमध्ये जाऊन बसले. घरी कुणी मोठ्याने हाक मारली तरी दचकायचे. रोज सहाला फोन यायचा, रोज आवाज थोडा बारीक, पण "हजर" यायचंच. नवव्या दिवशी ते घरी गेले. बोट राहिलं.

कार्ड ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. करड्या रंगाची छोटी पुस्तिका, त्यात माझा फोटो, आयुष्यभर चालणारी. मी ती उघडून उभ्या उभ्या वाचली. आता पाहिजे तेव्हा निघता येत होतं, व्हिसा नको, कुणाला खात्री पटवायला नको. दिवाळीचं तिकीट मी त्याच दुपारी काढलं. फोनसुद्धा हातात घेतला होता.

आणि मग मला आठवलं की कार्ड आलं की त्यांची ड्यूटी संपते.

मी ठेवून दिला फोन. मला कळतं, मी इंजिनियर आहे, मरण काही मस्टर बघून येत नाही. पण माझ्या बापाने आयुष्यात एकही तारीख चुकवलेली नाही, आणि त्याने मला दिलेला शब्द कार्डापर्यंतचाच आहे. म्हणून मी खोटं बोलते. धडधडीत, रोज. नवऱ्याला ठाऊक आहे. दिवाळीला यायचं तिकीटही मी बाबांपासून लपवून ठेवलंय.

आजही सहाला फोन वाजला.

"हजर," बाबा म्हणाले. आणि मग, "आलं का गं कार्ड?"

"नाही अजून."

"सरकारी काम, सहा महिने थांब," ते म्हणाले. "थांबतो मी."